काचबिंदूचं प्रेशर २४ तास मोजणारी लेन्स, आईसाठी विचारतेय

मृण्मयी_प
आईला काचबिंदू आहे, वय ६४. रोज रात्री लॅटॅनोप्रॉस्टचा एकेक थेंब, मोबाईलला अलार्म लावलाय, एक दिवस चुकवत नाही. चेकअपला डोळ्याचं प्रेशर दरवेळी १५ नाहीतर १६, पण या वेळी फील्ड टेस्ट (आजूबाजूचं किती दिसतं ती तपासणी) आधीपेक्षा खराब आली आणि डॉक्टर म्हणाले डोळ्याची नस अजून सुकतेय. परवा पाटावरून उठताना डावीकडचा तांब्या तिला दिसलाच नाही, पायाने उडवला आणि वर बाबांवरच चिडली की इथे कुणी ठेवला, ठेवला होता तिनेच. चुलतभाऊ म्हणतो आता अशी लेन्स आलीये जी डोळ्यात घालून झोपलं तरी वायरलेस प्रेशर मोजते. कुणी वापरलीये का? घरबसल्या आकडा कळला तर बरं होईल.

चष्मेवाला_नाशिक
ताई मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे. भाऊ म्हणतोय ती बहुतेक ट्रिगरफिश, स्वित्झर्लंडच्या लोझानमधल्या सेन्सिमेड कंपनीची, अमेरिकेत एफडीएने (औषधं-उपकरणं मंजूर करणारी सरकारी संस्था) २०१६ ला परवानगी दिली. सिलिकॉनची मऊ लेन्स, तिच्यात ताण ओळखणारी बारीक पट्टी, चिप आणि गोल अँटेना. लेन्समध्ये बॅटरी नसते, डोळ्याभोवती एक अँटेना चिकटवतात त्यातून तिला पॉवर मिळते आणि तिथून वायर खाली अंगावरच्या रेकॉर्डरला जाते. म्हणजे वायरलेस ते डोळ्यापासून भुवईपर्यंत, पुढे वायर आहेच 😄
दर ५ मिनिटांनी ३० सेकंद नोंद, दिवसात २८८ वेळा. पण आकडा कळेल हे डोक्यातून काढा. ती प्रेशर थेट मोजत नाही, बुबुळाचा बाक किती बदलतोय ते मोजते आणि रिझल्ट मिलिव्होल्टमध्ये येतो. १५ आहे की २२ ते नाही सांगत, कधी चढतं ते सांगते.

मृण्मयी_प
मग उपयोग काय त्याचा?

राईन_काठी
उपयोग आहे. आम्ही जर्मनीत असतो, माझ्या सासऱ्यांना लावली होती एक दिवस. डोळ्याभोवती पांढरी पट्टी, गळ्यात डबी, गाडी चालवायची नाही, आंघोळ नाही, नातवाने तर फोटो काढून सगळ्या ग्रुपवर टाकला. दुसऱ्या दिवशी डोळा लालभडक, नजर धूसर, दुपारपर्यंत निवळलं. पण ग्राफ बघितला तर दिवसभर सपाट आणि झोपल्यावर जो चढलाय तो पहाटेपर्यंत वरच, आणि आम्ही मात्र कायम सकाळी ११ ची अपॉइंटमेंट घेऊन खूश. त्यांना टिमोलॉलचे थेंब (हेही प्रेशर कमी करणारं औषध) चालू होते, ते रात्री फारसं काम करत नाही म्हणे, डॉक्टरांनी औषध बदललं.

चष्मेवाला_नाशिक
हेच. आडवं झालं की बऱ्याच जणांचं प्रेशर वाढतं. लेन्सच पाहिजे असं नाही, डॉक्टरांना विचारा दिवसभर बसवून दर तीन तासांनी प्रेशर घेता येईल का, जमलं तर आडवं झोपवूनही, आणि फुस्सकन हवा मारणाऱ्या मशीनवर नको, गोल्डमनवर, म्हणजे डोळ्याला टेकवून मोजतात त्या मशीनवर. अजून दोन गोष्टी. एक, बुबुळाची जाडी, साधारण ५४० मायक्रॉन असते, पातळ असेल तर मशीन खरं आहे त्यापेक्षा कमी दाखवतं. दुसरं, आई बीपीची गोळी रात्री घेतात का? रात्री बीपी फार उतरलं तरी नसेला रक्त कमी पडतं. स्वतःहून बंद मात्र करू नका हां, फिजिशियनला विचारा.

मृण्मयी_प
दादा आत्ता फाईल काढली. पहिल्याच पानावर कोपऱ्यात पेन्सिलने ४९८ / ५०२ लिहिलंय, तीन वर्षं मी तो टोकन नंबर समजत होते. आणि बीपीची गोळी रात्री दहाला, थेंबासोबतच, एकाच अलार्मवर. गुरुवारी नंबर लावलाय, सकाळी आठचा.