स्क्विड: फायबर गेली की ४जीवर आपोआप कसं न्यायचं?

प्रश्न (विश्रामबाग, सांगली): उबुंटू लिनक्सवर स्क्विड (सगळ्यांचं वेब ट्रॅफिक मधून नेणारा प्रॉक्सी सर्व्हर) आहे. फायबरच्या रूटचं (वाटेचं) मेट्रिक १००, ४जी राउटरचं २०० (कमी आकड्याची वाट आधी वापरली जाते). फायबर तुटली तरी ट्रॅफिक वळत नाही. काय राहिलं?

उत्तर: केबल बाहेर कुठेतरी तुटते, राउटरपर्यंतची लिंक चालूच असते, मग कर्नल (लिनक्सचा गाभा) रूट कशाला काढेल? १.१.१.१ (क्लाउडफ्लेअरचा सार्वजनिक डीएनएस, म्हणजे साइटच्या नावाचा आयपी पत्ता सांगणारा सर्व्हर) साठी फायबरच्या गेटवेतून (फायबरच्या राउटरमधून) कायमचा वेगळा रूट टाका, दर १० सेकंदांनी त्याला पिंग करा (उत्तर येतं का पाहा). सलग ३ चुकले की फायबरचा डिफॉल्ट रूट (बाकी सगळ्या ट्रॅफिकची नेहमीची वाट) काढा. परत आणायला सलग १० पिंग तरी लागू देत, नाहीतर दिवसभर ये-जा चालते.

दुसरं उत्तर: स्क्विडमध्ये टीसीपी_आउटगोइंग_ॲड्रेस (बाहेर जाताना कोणता आयपी वापरायचा ते ठरवणारी सेटिंग) फायबरच्या आयपीला बांधला असेल तर आधी तो काढा. कनेक्ट_टाइमआउट (जोडणी होण्याची वाट पाहायची मुदत) मुळात १ मिनिट असतो, १० सेकंद करा. चालू डाउनलोड तुटणारच, त्याला इलाज नाही.

प्रश्नकर्ता: डीएनएस फायबरवाल्यांचाच ठेवला तर?

दुसरं उत्तर: नको, ४जीवरून तो बहुधा उत्तरच देणार नाही. ८.८.८.८ (गूगलचा सार्वजनिक डीएनएस) द्या. १.१.१.१ मात्र नको, तो फायबरला बांधलाय.