पाण्याखालचे आवाज : कला की नुसती नोंद?

ओहोटी :
नॉर्वेच्या ध्वनिकलावंत याना विंडेरेन यांनी उत्तर ध्रुवाकडील बॅरेंट्स समुद्रात हायड्रोफोन (पाण्याखालचा मायक्रोफोन) सोडून टिपलेल्या ध्वनींची रचना नुकतीच हेडफोन लावून ऐकली. बर्फाची करकर, दाढीवाल्या सीलची घसरत जाणारी लांबलचक शीळ, मधूनच कॉड माशांची गुरगुर, हे सारे विलक्षण आहे. परंतु याला ध्वनिमुद्रण न म्हणता कला का म्हणावे?

दीपस्तंभ :
निवड आणि मांडणी यांमुळे. विंडेरेन यांनी कलेआधी गणित, रसायनशास्त्र आणि मत्स्य-परिसंस्थेचा अभ्यास केला होता, त्यामुळे कोणता जीव कशासाठी आवाज करतो हे जाणूनच त्या थरावर थर रचतात. २०११ मध्ये त्यांना ऑस्ट्रियातील आर्स इलेक्ट्रॉनिका या डिजिटल कलामहोत्सवाचा ध्वनिकलेतील सर्वोच्च सन्मान मिळाला, तो उगाच नव्हे.

नांगर :
माझ्या मते अशा रचनेतील खरा मुद्दा गोंगाटाचा आहे. जहाजाच्या पंख्याभोवती बुडबुडे फुटून उठणारी खर्जातील घरघर नेमकी मोठ्या देवमाशांच्या हाकांच्या पट्ट्यात येते, आणि पाण्यात ध्वनी हवेच्या चौपटीहून अधिक वेगाने जातो. सप्टेंबर २००१ मधील अमेरिकेवरील हल्ल्यांनंतर कॅनडातील फंडीच्या उपसागरात जहाजवाहतूक मंदावली, तेव्हा गोंगाट सहा डेसिबलने घटला आणि ‘राइट’ जातीच्या देवमाशांच्या विष्ठेतील ताणाची संप्रेरकेही कमी झाली.

ओहोटी :
विष्ठेतून! (हे संशोधक धन्य आहेत.) आता तीच रचना पुन्हा ऐकताना इंजिनाची घरघर कुठे शिरते, याकडे लक्ष देईन.