भगव्यावर पांढरी अक्षरं वाचता येत नाहीत, निळी पट्टी छापून जांभळी आली

कार्यक्रमपत्रिका
गणेशोत्सवाची पत्रिका केली आहे. पार्श्वभूमी भगवी (आरजीबी, म्हणजे पडद्यावरच्या लाल-हिरवा-निळ्याचे ० ते २५५ मधले आकडे: २५५, १५३, ५१), मजकूर पांढरा, कलाकारांची नावं लाल (२५५, ०, ०), खाली निळी पट्टी (०, ०, २५५). लॅपटॉपवर छान दिसते. उन्हात मोबाइलवर पांढरा मजकूर वाचता येत नाही, व्हॉट्सअ‍ॅपवर लाल नावांच्या कडा फिसकटतात आणि ऑफसेट छपाईच्या नमुन्यात पट्टी जांभळी आली. भगवा ठेवायचाच आहे. काय बदलू?

रंगरेषा
अक्षर वाचलं जातं ते उजळपणातल्या फरकामुळे, रंग वेगळा आहे म्हणून नाही. भगवा आणि पांढरा दोन्ही उजळ. डब्ल्यूसीएजीच्या (वेबवरचा मजकूर सगळ्यांना वाचता यावा यासाठीच्या मार्गदर्शक नियमांच्या) सूत्राने त्यांचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजळपणाचं गुणोत्तर, २.१ येतो; साध्या मजकुराला किमान ४.५ हवा, मोठ्या ठळक अक्षरांना ३. भगव्यावर लाल तर जेमतेम १.९. त्याच भगव्यावर मरून (१२८, ०, ०) ५.१ देतो, आणखी गडद (९२, ०, ०) ६.८, काळा ९.९. नावं गडद मरून करा, बाकी मजकूर काळा.

पांढराच हवा असेल तर भगवा (१७९, ८०, ०) इतका उतरवावा लागेल, आणि तो विटकरी दिसेल.

डोळ्याने तपासायचं तर फाइलची प्रत ग्रेस्केलमध्ये (फक्त काळ्या-पांढऱ्या-राखाडी छटांत) बदलून बघा. नुसतं ‘डीसॅच्युरेट’ (रंग काढून टाकण्याची आज्ञा) करू नका: फोटोशॉपमध्ये त्याने शुद्ध लाल, हिरवा आणि निळा एकाच राखाडीत येतात, म्हणजे तपासणीच फसते.

अक्षरजुळणी
पांढऱ्या अक्षरांना काळी आउटलाइन द्या असं कुणी सुचवेल. लहान देवनागरीत ते करू नका. ‘ळ’ आणि ‘क्ष’च्या आतल्या जागा बुजतात. कॉन्ट्रास्ट कमी पडला की आधी अनुस्वार आणि रफार जातात. ‘मंडळ’चं ‘मडळ’ होतं. अक्षरांचं वजन (जाडी) मीडियम किंवा बोल्ड घ्या.

लाल कडांचं कारणही उजळपणाच. जेपीईजीमध्ये (फोटो आकाराने लहान करून साठवण्याच्या प्रकारात) उजळपणा पूर्ण बारकाव्याने साठवतात, पण रंगाची माहिती बहुतेकदा आडवी-उभी निम्मी करतात. लाल आणि भगव्यात फरक बराचसा रंगाचा, म्हणून नेमकी तीच कड विरघळते. मरून केल्यावर बरंच सुधारेल. तरी चित्र फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

छपाईघर
पट्टीबद्दल. पडद्यावरचा तो निळा छपाईच्या चार शाईंत (सायन म्हणजे निळसर, मॅजेंटा म्हणजे गुलाबीसर, यलो आणि काळा) बसतच नाही. आपोआप रूपांतर केलं की सायन ८८, मॅजेंटा ७७ टक्क्यांच्या आसपास येतात (आकडे प्रोफाइलनुसार, म्हणजे रंग रूपांतराच्या सेटिंगनुसार, हलतात). दोन्ही इतके जवळ आले की छापताना जांभळा होणारच. मॅजेंटा सायनपेक्षा निदान ३० ने कमी ठेवा. सायन १००, मॅजेंटा ६० घ्या, बाकी शून्य.

भगव्याला मॅजेंटा ५०, यलो १००, सायन आणि काळा शून्य. रूपांतरात सायनचे चार-पाच टक्के घुसले तरी भगवा मळकट होतो, कारण निळसर शाई नारिंगीला राखाडीकडे ओढते. फाइलमध्ये हे आकडे स्वतः टाइप करा.

बारीक मजकूर फक्त काळा १०० आणि ओव्हरप्रिंट (खालचा रंग न कापता त्यावरच काळा छापणं). चार शाईंचा काळा घेतला आणि एखाद्या शाईची छपाईची प्लेट केसभर सरकली, तर प्रत्येक अक्षराला रंगीत सावली येते. ओव्हरप्रिंट नसेल तर प्लेट सरकल्यावर अक्षराभोवती कागदाची पांढरी फट दिसते.

आणि नमुना बघायचा तो त्याच कागदावर. गुळगुळीत आर्ट पेपरवर उठून दिसणारा भगवा मॅपलिथोवर (लेप नसलेल्या साध्या कागदावर) शाई मुरल्याने फिका पडतो.