रेसिडेंटना मुलांच्या वागण्याबद्दल सल्ला द्यायला कसं शिकवता?

दुपारची_ओपीडी:
बालरोग विभागात शिकवते. यंदाची रेसिडेंटची, म्हणजे विभागात काम करत शिकणाऱ्या डॉक्टरांची, बॅच हुशार आहे. जुलाबाने सुकलेलं मूल आलं तर झोपेतून उठून सलाइनचा हिशेब करतील. पण एखादी आई म्हणाली, "डॉक्टर, हा हट्टाने जमिनीवर डोकं आपटतो," की चेहरे बघण्यासारखे होतात. मग ठरलेली उत्तरं: "मोठा झाला की जाईल," "लाड कमी करा," नाहीतर थेट मानसोपचाराची चिठ्ठी. परवा एकाने अडीच वर्षांच्या मुलाच्या वडिलांना सांगितलं, "त्याला शांतपणे समजावून सांगा." वडील "बरं" म्हणून उठले. भोकाड पसरलेल्या अडीच वर्षांच्या पोराला कोण काय समजावणार!
लेक्चर झालीत. हट्ट, झोप, अंथरूण ओलं करणं, सगळं परीक्षेत बरोबर लिहितात. पालक समोर बसले की पुन्हा येरे माझ्या मागल्या. प्रत्यक्ष काय करून घेता ते सांगा. रांग मोठी असते, हे धरून.

जुना_स्टेथो:
मॅडम, स्लाइड्स बंद करा. माझ्याकडे एकच नियम होता: शेवटचा प्रसंग पूर्ण ऐकल्याशिवाय सल्ला द्यायचा नाही. "खूप हट्टी आहे" ही तक्रार झाली, हिस्टरी नव्हे. ताप किती, कधीपासून, हे विचारता ना? तसंच इथे. काल कधी झालं? त्याआधी काय चाललं होतं? खोलीत कोण होतं? तुम्ही काय केलंत? मग तो कधी थांबला?
शेवटच्या प्रश्नात बहुतेक वेळा सगळं सापडतं. आईने मोबाइल काढून घेतला, पोरगं आडवं झालं, आई दहा मिनिटं ठाम राहिली, मग आजोबांना बघवेना आणि मोबाइल परत हातात आला. पोरगं काय शिकलं? दहा मिनिटं रडायचं. हे रेसिडेंटच्या तोंडून ऐकण्यापेक्षा आईला स्वतःला दिसलं पाहिजे. "मग तो कधी थांबला?" विचारून गप्प बसायचं. ही गप्प बसण्याची सवय लावायलाच सगळ्यात जास्त वेळ लागतो. नवीन डॉक्टरला शांतता म्हणजे आपल्याला उत्तर येत नाही असं वाटतं.
दुसरं, सल्ल्याबरोबर त्याचा त्रासही सांगायला शिकवा. हट्टाकडे लक्ष द्यायचं बंद केलं की सुरुवातीला हट्ट वाढतो. आधी सांगितलं नसेल तर पालक तिसऱ्या दिवशी हार मानतात, आणि आता पोराला कळतं की दहा नाही, वीस मिनिटं रडायचं. अँटिबायोटिकने पोट बिघडेल हे सांगता, मग हे का नाही?
तिसरं, वागणं समजून शरीर विसरू देऊ नका. रडता रडता श्वास कोंडून निळं पडणाऱ्या मुलाचं हिमोग्लोबिन बघा. लोह कमी असेल तर ते दिल्यावर हे श्वास कोंडणं कमी होतं. "मुद्दाम चड्डीत करतो" म्हणून मार खाणाऱ्या मुलाच्या पोटाला हात लावा. आत घट्ट शीचा खडा साचलेला असतो, कडेने पातळ झिरपतं आणि त्या बिचाऱ्याला कळतही नाही. "ऐकतच नाही" म्हटलं की आधी कान तपासा. खरंच.
सराव म्हणाल तर रेसिडेंटला पालकाच्या खुर्चीत बसवा. त्याला चिठ्ठी द्यायची: "रात्रभर झोप नाही, सासूबाई म्हणतात तुलाच सांभाळता येत नाही, आणि आज सकाळी तू मुलाला मारलंस. विश्वास वाटला तरच हे बोल." समोर त्याचाच मित्र डॉक्टर. मारल्याचं बाहेर येतं का बघायचं. बहुतेकदा येत नाही, कारण मित्र दुसऱ्याच मिनिटाला उपदेश सुरू करतो.

दोघांची_आई:
मी डॉक्टर नाही, तरी लिहिते. मोठा चावायचा. एका डॉक्टरांनी एका दमात सात गोष्टी सांगितल्या, घरी पोचेपर्यंत एकही लक्षात नव्हती. नंतरच्या तरुण मुलीने आधी विचारलं, "तुम्ही आतापर्यंत काय काय करून बघितलंत?" मग एकच गोष्ट सांगितली आणि ती माझ्याकडून वदवून घेतली. शाळेत उभं केल्यासारखं वाटलं खरं, पण आठवली. आणि हो, मुलासमोर त्याच्या तक्रारी बोलायला लावू नका. तो सगळं ऐकत असतो.

खेळघर:
बाल मानसशास्त्रज्ञ आहे. स्टेथो सरांशी सहमत, पण "लक्ष देऊ नका" हा अर्धाच सल्ला झाला. मूल नीट वागत असताना लक्ष दिलं, तरच हट्टाकडे काणाडोळा केल्याचा उपयोग. "शहाणा" नव्हे, "ताईला खेळणं दिलंस, छान केलंस" असं नेमकं कौतुक. मारणं, चावणं मात्र सोडून द्यायचं नाही. तिथे लगेच, थोडक्या शब्दांत थांबवायचं.
आणि तज्ज्ञाकडे पाठवायच्या चिठ्ठीला इतकी नावं ठेवू नका हो! येत असलेले शब्द गेले, सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही, दोन वर्षांपर्यंत स्वतःहून दोन शब्द जोडत नाही, तर "मुलगे उशिरा बोलतात" म्हणत थांबू नका. पाठवा. उलट पाच वर्षांच्या आतलं मूल रात्री अंथरूण ओलं करतं, बाकी सगळं ठीक, तर धीर द्या. अमेरिकेत 1997पासून बालरोग रेसिडेंटना विकास आणि वर्तनाचं महिनाभराचं पोस्टिंग सक्तीचं झालं, ते उगाच नाही.

दुपारची_ओपीडी:
खुर्चीची युक्ती या आठवड्यातच करते. पण सर, सल्ला लागू पडला की नाही हे रेसिडेंटला कळणार कसं? पुढच्या वेळी पालक दुसऱ्याच कोणाकडे जातात.

जुना_स्टेथो:
ज्याने सल्ला दिला त्यानेच आठवड्याने फोन करायचा, आणि "बरं आहे ना?" असं विचारायचं नाही. "काल काय झालं?" इथूनच सुरुवात. पालकांनी केलंच नसेल तर रागवायचं नाही, कुठे अडलं ते विचारायचं. आजोबांशी कोणी बोललंच नव्हतं, हे बहुतेक तेव्हाच कळतं.