मेडिकलच्या पोरांची बस्तीतली शिबिरं – मला कौतुक वाटत नाही

मालगंजकर:
कालपासून इंदूरच्या प्रत्येक मराठी ग्रुपवर तीच पोस्ट: मेडिकलच्या मुलांनी रविवारी नदीकाठच्या बस्तीत शिबिर घेतलं, दोन तासांत सगळ्यांचं बीपी, शुगर तपासलं, ‘आपली लेकरं देवदूत’. खाली नुसते हात जोडलेले.

मला एवढंच सांगा, बीपी वाढलेला निघाला, पंधरा दिवसांची अ‍ॅम्लोडिपिन हातात दिली, पुढे काय? ही गोळी वर्षानुवर्षं घ्यायची असते. आमच्या कामवाल्या मावशी अशाच एका शिबिरातून गोळ्या घेऊन आल्या. त्या संपल्या. डोकं दुखत नव्हतं, म्हणजे बरं झालं असं समजून बसल्या. दिवाळीच्या तोंडावर अर्धांगवायू. दहावीतली मुलगी शाळा सोडून आता त्यांच्या जागी येते. त्या शिबिराच्या फोटोत मावशी आहेत हो, हसताहेत.

सुदामानगरची काकू:
थांबा. ती दहावीतली मुलगी तुमच्याच घरी भांडी घासते? आणि शिकवताय इतरांना?

मालगंजकर:
फी भरायला तयार होतो, विचारा तिला. घरात कमावणारं दुसरं कोणी नाही. विषय काय, तुम्ही निघालात कुठे!

इंटर्न_इंदूरवाली:
काका, शिबिरं दिखाऊ असतात, अर्धी तरी. पण ‘पोरं’ म्हणून सगळ्यांना एका काठीने हाकू नका. फॅमिली अ‍ॅडॉप्शन 2022 पासून अभ्यासक्रमात आलं, म्हणजे विद्यार्थ्यांनी काही कुटुंबं दत्तक घेऊन त्यांच्या तब्येतीकडे लक्ष ठेवायचं, पण कुटुंबं घ्यायची ती खेड्यातली. कॉलेजची बस बस्तीवरून पुढे निघून जाते. शहरात जे करतो ते आमच्या सुटीत, आमच्या पेट्रोलने.

आमच्या गल्लीत टीबीचे एक दादा होते. सरकारी औषध फुकट, सहा महिन्यांचं. पोषणाचे महिन्याला 500 मिळायचे, नोव्हेंबर 2024 पासून 1000 झाले. यांना छदाम नाही, कारण बँक खात्यावर नाव वेगळं, आधारवर वेगळं. आम्ही दोघी त्यांना घेऊन बँकेच्या खिडकीवर उभ्या राहिलो. खोकला थांबल्यावर त्यांनी गोळ्या सोडल्या होत्या, त्या पुन्हा सुरू करायला आशाताईंना घेऊन गेलो. याचे फोटो नाहीत, म्हणून तुम्हाला दिसलं नाही.

औषधवाले आजोबा:
आयुष्य मेडिकल स्टोअरवर गेलं, माझं ऐका. खरा रोग आहे झोलाछाप, म्हणजे बिनडिग्रीचे डॉक्टर. ताप आला की सलाइन, अंग दुखलं की स्टेरॉइडचं इंजेक्शन. पेशंट संध्याकाळी टुणटुणीत, वर्षभरात शुगर, हाडं, सगळं खलास. आधी ती दुकानं बंद करा.

भिया_छावणीवाला:
आजोबा, त्या इंजेक्शनचा माल विकला कोणी?

आमचं बालपण अशाच बस्तीत गेलं. रात्री अकराला पोराला झटके आले तर तो झोलाछापच दार उघडायचा. उधारीवर. सरकारी दवाखाना दिवसाचा, आणि तिथे रांगेत उभं राहिलं की त्या दिवसाची मजुरी गेली.

औषधवाले आजोबा:
मी चिठ्ठीशिवाय एक गोळी दिली नाही. झटक्यांवर त्याने काय दिलं होतं ते लिहा की.

भिया_छावणीवाला:
आठवत नाही. पोरगं जगलं, ते आठवतं.

नियमवाला:
भावना ठेवा बाजूला. नोंदणी नसताना डॉक्टरकी केली तर एनएमसी (राष्ट्रीय वैद्यकीय आयोग) कायदा, 2019, कलम 34: एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि तिसऱ्या वर्षातली मुलं गोळ्या देतात ते काय मग? त्यांची तरी नोंदणी कुठे असते?

इंटर्न_इंदूरवाली:
चिठ्ठी सरांची, सही सरांची. आम्ही पट्टा बांधतो, आकडा लिहितो. झोलाछापच्या पंगतीत बसवल्याबद्दल आभारी आहे.

सुदामानगरची काकू:
बाळा, चिडू नकोस. पण सर दर रविवारी येतात का गं?

इंटर्न_इंदूरवाली:
येत नाहीत. नसतात तेव्हा गोळ्यांचा डबा उघडत नाही.

मालगंजकर:
बरं बाई, टीबीचं काम केलंत, मान्य. बीपीवाल्यांची नावंही आशाताईंच्या वहीत उतरवता का? उतरवत असाल तर माझे अर्धे शब्द मागे. अर्धेच. त्या फोटोवाल्यांसाठी उरलेले ठेवतो.

इंटर्न_इंदूरवाली:
टीबीवाल्यांची उतरवतो. बीपीची यादी आमच्याच फोनमध्ये पडून राहते. पुढच्या रविवारी ताईंकडे देते. तुमच्या मावशींचा पत्ता मेसेज करा, काका.

भिया_छावणीवाला:
ते सगळं ठीक, पण रात्री अकराचं कोणी बोलतच नाहीये. दवाखाना रात्री उघडा ठेवा, झोलाछापचं दुकान आपोआप बसेल. कलम कशाला लागतंय?

औषधवाले आजोबा:
उघडला तरी तुम्ही इंजेक्शनच मागाल.