केनिया प्रवास : साठी उलटलेल्या आईवडिलांच्या पीतज्वर लसीबाबत मदत हवी आहे

नमस्कार. माझी मोठी बहीण नोकरीनिमित्त नैरोबीत राहते आणि येत्या जानेवारीत आईवडिलांना तिच्याकडे घेऊन जाण्याचा आमचा विचार आहे. वडील 69 वर्षांचे आहेत, आई 64 वर्षांची. व्हिसाची चिंता नाही, कारण केनियाने जानेवारी 2024 पासून व्हिसाऐवजी ऑनलाइन प्रवासपरवाना सुरू केला आहे. अडचण आहे ती पीतज्वराच्या (यलो फीव्हरच्या) लसीची, आणि तीही भारतात परतताना.

पीतज्वर भारतात नाही. परंतु तो पसरवणारा एडिस डास, म्हणजे डेंग्यूचाच डास, आपल्याकडे गल्लोगल्ली आहे. त्यामुळे आपले नियम कडक आहेत आणि ते तसेच असावेत, असे मला मनापासून वाटते. केनियातून निघाल्यापासून 6 दिवसांच्या आत जो प्रवासी वैध प्रमाणपत्राशिवाय भारतात उतरतो, त्याला विलगीकरणात ठेवले जाऊ शकते. लस टोचल्यानंतर 10 दिवसांनी प्रमाणपत्र लागू होते आणि ते आता आयुष्यभर चालते. माझे पिवळे पुस्तक, म्हणजे हे लसीकरण प्रमाणपत्र, तयार आहे.

ही लस जिवंत, पण क्षीण केलेल्या विषाणूची असते. आईला संधिवातासाठी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे चालू असल्याने तिला ती देऊच नये, असे तिच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले आहे. वडिलांना तसा आजार नाही. मात्र साठीनंतर पहिल्यांदाच ही लस घेणाऱ्यांमध्ये गंभीर दुष्परिणामांचे प्रमाण, एकूण कमी असले तरी, तरुणांपेक्षा अधिक आढळते. खुद्द नैरोबी शहरात या रोगाचा धोका कमी मानला जातो, पण आपला नियम मात्र संपूर्ण केनियाला लागू आहे. म्हणजे आम्ही बहिणीच्या घराबाहेर पडलो नाही, तरी प्रश्न तसाच राहतो.

ज्यांनी वैद्यकीय कारणास्तव लसीतून सूट मिळाल्याचे प्रमाणपत्र घेऊन असा प्रवास केला आहे, त्यांना मुंबई विमानतळावर काय अनुभव आला? विलगीकरणात ठेवलेच, तर सोबत घरच्या एखाद्या व्यक्तीला राहू देतात का आणि रोजची औषधे जवळ बाळगता येतात का? परतताना दुबईत 6 दिवसांहून अधिक मुक्काम करून मग भारतात येणे, हा मार्ग कोणी प्रत्यक्ष वापरला आहे का? खर्च वाढेल, पण आईला एकटीला कुठे ठेवण्यापेक्षा तो मला परवडेल. वडिलांच्या वयाच्या कोणी ही लस घेतली असल्यास, त्याआधी कोणत्या तपासण्या केल्या, तेही कृपया लिहावे.

हे जमले, तर दोन रात्री केनियातील मसाई मारा अभयारण्यात जायचे आहे. तिथले परदेशी प्रौढांसाठीचे प्रवेशशुल्क जुलै ते डिसेंबर माणशी 200 डॉलर आणि जानेवारी ते जून 100 डॉलर असे ठरले आहे, शिवाय तिकीट 12 तासांचेच असते. जानेवारीत रानम्हशींसारखे दिसणाऱ्या विल्डबीस्टचे मोठे कळप दक्षिणेकडे टांझानियात असतात, पण सिंह आणि हत्ती माऱ्यात बाराही महिने असतात आणि वडिलांना हत्तीच पाहायचे आहेत. त्यांना कंबरदुखीचा त्रास आहे. नारोकमार्गे मोटारीने पाच-सहा तास बसणे त्यांना झेपेल, की नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून छोट्या विमानाने जावे? त्या विमानात माणशी 15 किलोच सामान आणि तेही मऊ पिशवीत चालते, त्यामुळे आईची चालण्याची काठी आणि दुमडणारी खुर्ची नेता येते का, हेही कोणी सांगू शकेल का?