चर्चा: आत क्रूस असलेल्या कागदावर कुराण लिहावं का? (तिलिम्सान, १४०९)

धागाकर्ता:
आजच्या अल्जीरियातल्या तिलिम्सान शहरात १४०९ साली मालिकी पंथाचे (सुन्नी इस्लामच्या कायद्याच्या चार परंपरांपैकी एक) फकीह, म्हणजे धर्मशास्त्राचे पंडित, इब्न मर्झूक यांना विचारलं गेलं: रूमी, म्हणजे ख्रिस्ती मुलखातून येणारा कागद वापरणं जायज, म्हणजे धर्मसंमत, आहे का? शंका दोन. लगद्याला ख्रिस्ती कारागिरांचे ओले हात लागलेले, म्हणून तो नापाक (धार्मिकदृष्ट्या अशुद्ध) असेल, आणि कागद उजेडात धरला की आत क्रूस किंवा प्राणी दिसायचा. त्यांनी कागद जायज ठरवला. माझ्या मते हा निर्णय टंचाईनं करून घेतला. पूर्वी तिलिम्सान, फास (मोरोक्कोतलं फेझ) आणि अंदालुसियात (मुस्लिम स्पेनमध्ये) कागद व्हायचा, आता होत नाही, असं तेच नोंदवतात.

कातिब:
साफ असहमत. 'मुदव्वना' या मालिकी कायद्याच्या मूळ ग्रंथात पंथाचे प्रवर्तक इमाम मालिक यांचं मत आधीपासून आहे: ख्रिस्त्यांनी अंगात घातलेल्या कपड्यात, तो धुतल्याशिवाय, नमाज नको, त्यांनी विणलेल्या कपड्यात मात्र चालते. विणकराचे हात काय कोरडे असतात? नापाकी सिद्ध होत नाही तोवर वस्तू पाक. कागदाला तोच नियम लागला. टंचाईची 'जरूरत' (नाइलाजाने मिळणारी सूट) पुढे करायला मुळात वस्तू हराम असावी लागते.

जाळीदार:
हातांचं पटलं, क्रूसाचं नाही. हा क्रूस शाईचा नव्हे. साच्याच्या जाळीवर वाकवलेली तार शिवतात, तिच्यावर लगदा पातळ बसतो आणि तेवढीच रेघ उजळ दिसते. इटलीत ही पद्धत १२८२ च्या सुमारास दिसू लागते. ही खूण खरवडून जात नाही, खरवडलं तर कागदच फाटतो. इब्न मर्झूक म्हणतात, वर अल्लाहचं नाव लिहिलं की असत्याच्या जागी सत्य येतं, चर्चची मशीद केल्यासारखं. पण मशीद करताना क्रूस उतरवतात! इथे तो आयतीखाली (कुराणातल्या वचनाखाली) तसाच राहतो. हा कियास (साधर्म्यावरून काढलेला निष्कर्ष) लंगडाच.

कातिब:
अक्षरांखाली खूण दिसेनाशी होते, हाही त्यांचाच युक्तिवाद आहे. आणि त्या खुणेला कोणी पूजत नाही, ती कारखान्याची ओळख आहे.

जाळीदार:
समासात कोण लिहितं? तिथे ती दिसतेच. शिवाय कागदावर चढवलेल्या सरसाचं (प्राणिज गोंदाचं) काय? अरबी कागदाला पिठाची खळ असे, इटालियन कागदाला कातड्याच्या तुकड्यांचा सरस. जनावर जबीहा (धर्मविधीने कापलेलं) नसेल तर तो मुर्दाराचा, म्हणजे निषिद्ध मेलेल्या जनावराचा, अंश झाला. शाफई (दुसरी सुन्नी कायदेपरंपरा) इथे अडतील, कारण रूप पालटून वस्तू पाक होणं ते दारूचा सिरका (व्हिनेगर), कमावलेलं कातडं अशा मोजक्याच ठिकाणी मानतात. मालिकी आणि हनफी (आणखी एक सुन्नी कायदेपरंपरा) ही सवलत बरीच पुढे नेतात.

धागाकर्ता:
म्हणजे मालिकी शहर होतं म्हणून निभावलं. तरीही माझा प्रश्न उरतोच: नियम इतका स्वच्छ होता, तर फासचा कागद बंद झाल्याचं फतव्यात सांगायची गरज का पडली?